800 नंबरनंतर पात्यावर जुने चरे पुन्हा का दिसतात: लक्षणं, तपासण्या आणि उपाय

सुरीचं पातं घासायच्या पेपरने 220, 320, 400 असं (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक) चढत 800 पर्यंत आणलं, पुसलं, दिव्याखाली धरलं, आणि मधोमध एक खोल चरा दिसला. 220 ला तो नव्हता, निदान दिसला तरी नव्हता. हाताने सुरी बनवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा त्रास पुन्हा पुन्हा होतो. पुढची माहिती बेल्ट ग्रायंडरवर किंवा अँगल ग्रायंडर आणि कानशीने घडवलेल्या, 2.5 ते 4 मिमी जाडीच्या कार्बन स्टीलच्या पात्यांसाठी आहे: ईएन31, 1084 किंवा गाडीच्या कमानपाट्याचं स्टील. स्टेनलेसलाही बहुतेक सगळं लागू पडतं, फक्त गंजाची घाई तिथे कमी असते.

लक्षणं

चऱ्याचा आकार आणि दिशा नीट बघितली की अर्धं कारण तिथेच कळतं.

पाठीकडून धारेकडे जाणारे, एकमेकांना समांतर चरे असतील तर ते बेल्टचे आहेत, बहुधा 60 किंवा 80 नंबरच्या. कमानीसारखे वळलेले चरे फ्लॅप डिस्कचे, म्हणजे अँगल ग्रायंडरवरच्या पेपरच्या पाकळ्यांच्या चकतीचे. पात्याच्या लांबीने जाऊन टोकाजवळ किंवा मुठीजवळ गळासारखे वळलेले छोटे चरे हाताने घासताना पडतात, मशीनचा त्यात काही दोष नाही. एखादाच सुटा, वाकडा, मधेच तुटलेला चरा म्हणजे बाहेरून आलेला जाड कण.

मधला पट्टा मंद आणि दोन्ही कडा चकचकीत दिसत असतील, किंवा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पात्यावर सरळ न पडता नागमोडी दिसत असेल, तर तो चरा नाही, पृष्ठभागच सपाट नाही. काळपट टिंबं म्हणजे स्केलचे (भट्टीत तापताना धातूवर चढणाऱ्या काळ्या थराचे) खड्डे.

आणि केसाइतकी बारीक रेघ, जी तुमच्या कुठल्याच घासण्याच्या दिशेशी जुळत नाही, बहुतेकदा धारेपासून वर चढलेली, दिसली तर घासणं तिथेच थांबवा आणि आधी शेवटचा भाग वाचा.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या

800 नंबरचा पेपर खोल चरा पाडू शकत नाही. त्याचा कण साधारण 22 मायक्रॉनचा, तर 80 नंबरच्या बेल्टचा कण 200 मायक्रॉनच्या आसपास. तेव्हा 800 ला दिसलेला खोल चरा आधीपासून तिथेच होता. 220 च्या दाट, खरबरीत जाळीत तो झाकला गेला होता. आजूबाजूचा भाग गुळगुळीत झाला तसा तो उठून दिसू लागला. म्हणून 800 नेच अजून तासभर घासणं हा उपाय नाही. आजूबाजूचं चकाकत जातं आणि चरा आणखी ठळक होतो. मागे जावंच लागतं. किती मागे, ते खालच्या तपासण्या सांगतील. पैसे न लागणाऱ्या आधी, खर्चाच्या आणि कष्टाच्या शेवटी.

1. उजेड बदला, पातं पुसा

खोलीतली ट्यूबलाइट बंद करून एकच दिवा किंवा टॉर्च पात्याच्या पातळीला, बाजूने धरा. वरून पसरलेल्या उजेडात 80 चा चरा आणि 320 चा चरा सारखेच दिसतात. मग पातं 90 अंशात फिरवून पुन्हा बघा. हे फिरवणंच लोक विसरतात. उजेड चऱ्याच्या रेषेतूनच जात असेल तर चऱ्याला सावली पडत नाही आणि तो अदृश्य राहतो. उजेड आडवा आला की सावली पडते. दर टप्प्याला एकाच बाजूने बघितलेलं पातं अखेर दुसऱ्या कुणाच्या हातात फिरतं, तेव्हा सगळे चरे एकदम ‘परत येतात’.

बघण्याआधी पातं आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा थिनरने कापूस लावून स्वच्छ पुसा. तेलात अडकलेली धातूची काळी भुकटी रेघेसारखी साचते आणि चरा असल्याचा भास होतो. पुसल्यावर रेघ गेली तर काम संपलं.

2. पेपरच्या मागचा शिक्का वाचा

एकाच दुकानातून आणलेला 400 आणि 600 एकाच मापाचे असतील असं नाही. पाठीवर नंबरआधी पी असेल तर ते युरोपीय माप. पी नसलेला पेपर अमेरिकी मापाचा असू शकतो. 220 पर्यंत दोन्ही मापं जवळजवळ सारखी चालतात, पुढे फाटा फुटतो. पी400 चा कण सुमारे 35 मायक्रॉन, अमेरिकी 400 चा सुमारे 23. पी600 चा सुमारे 26. म्हणजे पी नसलेल्या 400 वरून पी600 वर गेलात तर नंबर वाढला पण कण उलट जाड झाला, आणि नवे चरे तुम्हीच पाडलेत. तसंच पी400 वरून अमेरिकी 600 वर (सुमारे 16 मायक्रॉन) उडी मारली तर मागचे चरे काढायला तो पेपर फार बारीक पडतो. उपाय सोपा: 220 पासून शेवटपर्यंत एकाच कंपनीचा, एकाच मालिकेचा पेपर घ्या.

पेपर वाचवणं या कामात महागात पडतं. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेल्या स्टीलवर काळ्या वॉटर पेपरचे कण लवकर मोडतात. मग तो कापत नाही, नुसता चमकवतो, आणि पातं पुढच्या नंबरला तयार झाल्याचा भास होतो. पेपरच्या 25 मिमी रुंद पट्ट्या कापा. घासताना येणारा करकरीत आवाज मऊ झाला किंवा पाण्यात काळा गाळ येईनासा झाला की पट्टी पुढे सरकवा. 220 आणि 320 ला सर्वांत जास्त पट्ट्या खर्च व्हायला हव्यात. तुमच्याकडे 800 आणि 1000 च्या पट्ट्या आधी संपत असतील, तर बिघाड कुठे आहे ते तिथेच कळलं.

सुटे वाकडे चरे येत असतील तर नंबरांची सरमिसळ तपासा. सगळ्या पट्ट्या एकाच डब्यात ठेवल्या की 120 चा एखादा कण 600 च्या पट्टीवर जाऊन बसतो. प्रत्येक नंबरला वेगळं पाकीट ठेवा. नंबर बदलताना टेबल पुसा, पेपरमागचा ठोकळा धुवा, फडकं बदला, हात धुवा. आणि कुणी शेजारी ग्रायंडर चालवत असेल तेव्हा हाताने घासायला बसू नका.

3. पाणी आणि तेल

कोरडं घासलं की भुकटी कणांमध्ये अडकून तिच्या गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्या चरे पाडतात. अर्ध्या लिटरच्या स्प्रे बाटलीत साधं पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे 2-3 थेंब पुरतात. दर 15-20 हातांनंतर गाळ पुसून नवं पाणी मारा. कार्बन स्टील काही मिनिटांत गंज धरतं, पावसाळ्यात कोकणात तर चहा पिऊन येईपर्यंतच. म्हणून उठताना पातं कोरडं करून तेलाचा हात फिरवायचा. शेवटच्या नंबरला पाण्याऐवजी शिवणयंत्राचं पातळ तेल घेतलं तर रेघा जास्त एकसारख्या येतात.

4. पेपरच्या मागे काय आहे?

पेपर बोटांनी धरून घासत असाल तर पुढचं काही करायच्या आधी ते बंद करा. बोट मऊ असतं. ते खोल भागात उतरतं, उंच भागावरून घसरतं, आणि चऱ्याच्या कडा गोल करतं. गोल कडेचा चरा कमी दिसतो, पण तळ जागेवरच असतो. रबरी ठोकळ्याचंही तेच.

मागे कडक आणि सपाट आधार हवा. 25 × 6 मिमीच्या लोखंडी फ्लॅट बारचा साधारण 150 मिमी तुकडा उत्तम चालतो. आधी तो सपाट करून घ्या: जाड काचेवर 120 चा पेपर पसरून बारची सपाट बाजू घासा, सगळीकडे सारखी रेघ उमटेपर्यंत. चारही कडा हलक्या मोडा, नाहीतर त्याच पेपर फाडतात आणि पात्यावर रेघ ओढतात. पेपर बारवर ताणून गुंडाळा. सैल पेपर पुढे लाटेसारखा उचलतो आणि धारेजवळचा भाग गोल करतो.

आता शाईची परीक्षा. पात्याची पूर्ण बाजू परमनंट मार्करने काळी करा आणि 220 ने, ठोकळा सपाट टेकवून, 10 हात मारा. शाई सगळीकडून सारखी उडाली तर पृष्ठभाग सपाट आहे आणि प्रश्न फक्त चऱ्यांचा आहे. मध्ये शाईचं बेट उरलं तर तिथे खळगा आहे, आणि तिथले बेल्टचे चरे पेपरला कधी लागलेच नाहीत. तेवढ्याच जागी दाबून घासू नका, त्याने खळगा वाढतो. आजूबाजूचा भाग खाली येऊन बेट नाहीसं होईपर्यंत पूर्ण बाजू घासायची. बेट मोठं असेल तर सरळ सातव्या तपासणीकडे जा. हाताने ते काम दिवसभर चालेल.

चाकावर खोलगट ग्राइंड केलेल्या पात्याला हा सपाट ठोकळा चालत नाही. त्या गोलाईचा लाकडी किंवा पाइपचा तुकडा करून घ्यावा लागतो.

5. दर नंबरला दिशा बदलता का?

सगळे नंबर पात्याच्या लांबीनेच घासले तर 320 च्या रेघा 220 च्या रेघांवरच पडतात आणि कोणती रेघ कुणाची हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून 220 ने डावीकडे 45 अंश तिरकं, 320 ने उजवीकडे 45 अंश, 400 पुन्हा डावीकडे. मागच्या दिशेची एकही रेघ दिसेनाशी होत नाही तोवर नंबर बदलायचा नाही. हा सगळ्यांत भरवशाचा नियम आहे, आणि याला एक पैसा लागत नाही.

रेघा दिसेनाशा झाल्या तरी लगेच थांबू नका. चरा वरून खाली चिंचोळा होत जातो. शेवटचे काही मायक्रॉन डोळ्याला दिसत नाहीत पण असतात. पुन्हा शाई लावून त्याच नंबराने आणखी एकदा पूर्ण बाजू काढा. 220 ला इथे दिलेली जादा 20 मिनिटं 800 ला वाया जाणारे दोन तास वाचवतात.

रिकासोजवळ, म्हणजे मुठीजवळ, जिथे बेव्हल (धारेकडे उतरत जाणारी बाजू) संपून सपाट भाग सुरू होतो, तिथे ठोकळ्याचं नाक पोचत नाही आणि बेल्टचे आडवे चरे हमखास उरतात. या जागेसाठी 3 मिमीच्या सळीवर किंवा आइस्क्रीमच्या काडीवर पेपर गुंडाळा आणि कोपऱ्यापासून बाहेरच्या दिशेने ओढा. आत ढकललं की कोपऱ्याची रेघ बिघडते. पूर्ण पात्याला लागणाऱ्या वेळेच्या चौथा हिस्सा वेळ या बोटभर जागेला जातो, तो धरूनच चाला.

6. गळासारखे वळलेले चरे

हे चरे पुढे-मागे घासताना हात वळतो त्या बिंदूला पडतात. दाब कायम असतो, दिशा उलटते, आणि मोडलेला कण तिथे फिरतो. 400 पर्यंत पुढे-मागे घासायला हरकत नाही, पुढचा नंबर ते काढतो. शेवटच्या नंबरला मात्र पातं धुवून पुसायचं, नवी पट्टी, नवं तेल, आणि फक्त एकाच दिशेने: रिकासोपासून टोकापर्यंत एक अखंड हात, टोकाबाहेर निघून ठोकळा उचलायचा, पुन्हा रिकासोवर आणायचा. मधे थांबायचं नाही. दोन-तीन हातांना पट्टी सरकवायची. हवं तर ठोकळ्यावर पातळ कातडं चिकटवा. हा एकच टप्पा असा आहे जिथे थोडा मऊ आधार फायद्याचा ठरतो.

टोकाबाहेर हात जातो म्हणजे धोकाही तिथेच. पातं फळीवर क्लॅम्प करा, फळी पात्याच्या आकाराची कापा, टोक फळीच्या बाहेर येता कामा नये. धार लावलेली नसली तरी घासताना धारेवर जी बारीक शीर उठते ती बोट सहज कापते. दर नंबराला धारेवरून पेपर काटकोनात एकदा फिरवून ती मोडून टाका.

7. बेल्टवर परत जाणं

वरचं सगळं ठीक असूनही 80 चे चरे उरत असतील तर दोष ग्रायंडरवरच्या टप्प्यांत आहे. बहुतेकांची साखळी 60 चा बेल्ट आणि मग थेट 220 चा पेपर अशी असते. 60 चे चरे हाताने काढणं शक्य आहे, पण चऱ्याच्या तळाला पोचेपर्यंत धीर सुटतो. मधे 120 चा आणि 220 चा बेल्ट घाला. तेही दिशा बदलून: पातं थोडं तिरकं धरलं की 60 च्या रेघा वेगळ्या ओळखू येतात.

झिजलेला बेल्ट वापरून बारीक फिनिश मिळेल हा समज चुकीचा आहे. झिजलेल्या 60 मध्ये बरेचसे कण बोथट आणि थोडे उंच राहिलेले असतात. ते थोडेच कण खोल नांगरतात आणि बाकीचे फक्त घासून उष्णता वाढवतात. एकटे-दुकटे खोल चरे त्यातूनच येतात. शेवटचे दोन-तीन हात चांगल्या बेल्टवर, हलक्या दाबाने, एकाच वेगात, न थांबता मारा.

पृष्ठभाग नागमोडी असेल तर प्लॅटनवर (बेल्टच्या मागचा सपाट आधार) स्टीलची पट्टी उभी धरून मागून उजेड बघा. मधून उजेड आला तर प्लॅटन झिजलाय. खळगा पडलेल्या प्लॅटनवर सपाट बेव्हल येणारच नाही.

पाणी दिलेलं पातं उघड्या हाताने धरा म्हणजे ताप लगेच कळतो, आणि दर एक-दोन हातांनी पाण्यात बुडवा. टेंपर (पाणी दिल्यावर ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवणं) साधारण 200 अंश सेल्सिअसला केलेला असतो. स्वच्छ धातूवर गडद पिवळा, तपकिरी किंवा निळा रंग उमटला म्हणजे तो भाग त्याहून वर गेला. निळा जवळपास 300 अंशांना येतो. टोक आणि धार आधी जळतात कारण तिथे धातूच कमी. रंग घासून जातो, मऊपणा जात नाही.

बेल्ट ग्रायंडर नसेल तर फ्लॅप डिस्कचे कमानदार चरे पाणी देण्याआधीच काढा. कानस पात्यावर आडवी धरून दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढा, आणि दात भरले की खडू घासून ब्रशने साफ करा. मऊ स्टीलवर हे काम तासाभरात होतं. पाणी दिल्यावर कानस नुसती घसरते. पाणी देण्याआधी पातं 220 पर्यंत आणून ठेवलं तर नंतरचं काम निम्म्यावर येतं. धारेला मात्र 0.5 ते 0.8 मिमी जाडी सोडा, त्याहून पातळ धार भट्टीत वाकते किंवा तडकते.

8. काळी टिंबं आणि स्केल

भट्टीतून आलेलं स्केल कडक असतं आणि पेपर खाऊन टाकतं. पातं रात्रभर साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच कोरडं करून तेल लावा. स्केल जातं, त्याने केलेले खड्डे राहतात.

खड्डे काढण्याआधी व्हर्नियरने धारेची जाडी मोजा. 0.3 मिमीच्या आसपास आली असेल तर आता काढायला धातू शिल्लक नाही. तिथे थांबणंच शहाणपणाचं आहे. 220 किंवा 320 ची एकसारखी रेघ ठेवून द्या. कामाच्या सुरीला ती शोभते, भाजी तर तितकीच चांगली कापते. फेरिक क्लोराइडने (धातू खाणारं रसायन) खड्डे आणि चरे झाकता येतील अशा आशेने पातं बुडवू नका, त्यात ते उलट ठळक होतात.

कुठे थांबायचं आणि कुणाकडे जायचं

तड्याचा संशय असेल तर पातं स्वच्छ करून त्या जागी रॉकेल लावा, दहा-पंधरा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची भुकटी पसरा. भुकटीवर ओली रेघ उमटली तर तो तडाच आहे. तडा घासून ‘काढायचा’ नसतो. असं पातं मोडीत काढा आणि वापरता येऊ नये म्हणून दोन तुकडे करा. कुणाला भेट म्हणून देऊ नका.

धारेवर निळा रंग आला असेल आणि तो भाग 1-2 मिमीपेक्षा जास्त असेल, किंवा पात्यावर कानस चावत असेल, तर पुन्हा हार्डनिंग, म्हणजे पाणी देणं, लागेल. भट्टीचा अनुभव नसेल तर हे काम जॉबवर हीट ट्रीटमेंट करणाऱ्यांकडे द्या. पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या एमआयडीसी भागांत असे लोक मिळतात. स्टीलचा ग्रेड नक्की सांगा आणि कडकपणा मोजून मागा. ईएन31 च्या स्वयंपाकघरातल्या सुरीला 58 ते 60 एचआरसी (कडकपणाचं रॉकवेल माप) ठीक, कमानपाट्याला एक-दोन अंक कमी. ग्रेड माहीत नसलेला भंगारातला तुकडा असेल तर तसं स्पष्ट सांगा. अंदाजाने सांगितलेल्या ग्रेडवर चुकीचं तापमान लागतं. वाकलेलं, पाणी दिलेलं पातं हातोडीने सरळ करायला जाऊ नका, तेही त्यांनाच दाखवा.

जाडी दोन्ही टोकांना वेगळी असेल तर सरफेस ग्रायंडिंग करणाऱ्याकडे स्टीलची पट्टी द्या, पण बेव्हल पाडण्याआधी. बेव्हल पाडलेलं पातं मॅग्नेटिक टेबलवर नीट बसत नाही.

ग्रायंडरच्या बॉडीला शॉक लागत असेल, अगदी हलकी झिणझिणी असली तरी, प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. पाण्याची बादली शेजारी ठेवून हे काम चालतं, तिथे अर्थिंगशिवाय एक मिनिटही मशीन चालवायची नाही. ग्रायंडरवर पूर्ण बंद चष्मा आणि किमान एन95 मास्क असायलाच हवा. तरीही डोळ्यात कण गेला तर चोळू नका, लोहचुंबक किंवा कापसाने काढायला जाऊ नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि लोखंडाचा कण आहे हे आधी सांगा, कारण रुतलेला कण डोळ्यात गंजतो.